देवणीच्या भिंतीवरची चंद्री

मला भिंतीपासून लांब उभं राहण्याचे पैसे मिळतात, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं बाई थट्टा करतेय. थट्टा नाही. एका संस्थेनं लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावांत सार्वजनिक भिंती रंगवायचं काम काढलं. भिंती रंगवायच्या त्या त्या गावच्या पोरापोरींनी, आणि त्यांच्यासोबत एक जुना-जाणता कलाकार मानधनावर ठेवायचा. माझं आयुष्य दुकानांच्या पाट्या, बालवाडीच्या भिंती आणि नाटकाचे पडदे रंगवण्यात गेलं. एक काम संपलं की दुसऱ्याची वाट बघायची, हे आमच्या धंद्यात ठरलेलंच. त्यामुळे साठीच्या तोंडावर महिन्याच्या महिन्याला मानधन आणि वर 'मार्गदर्शक कलाकार' असं नाव मिळालं, तेव्हा मी पहिल्यांदा कुठं सही करायची तेवढंच विचारलं.

अट एकच होती. मार्गदर्शकानं पोरांच्या भिंतीला ब्रश लावायचा नाही. सांगायचं, दाखवायचं, वहीत काढून द्यायचं, पण भिंत त्यांची. ऐकायला ही अट सोपी वाटते. पोरगं आभाळाला निळा फासताना ओघळ खाली येतो, आपला हात शिवशिवतो आणि आपण नुसतं "बाळा, ओघळ बघ" म्हणत उभं राहायचं. माझ्यासारख्या तापट बाईला तर ही शिक्षाच होती.

अहमदपूरला बसस्टँडजवळच्या भिंतीवर काम चालू असताना एक पेन्शनर रोज सकाळी दूध घेऊन जाताना थांबायचे.

"बाई, तुम्ही काय करायलाव इथं?"

"बघायले."

"नुसतं बघायल्याचे पैसे देतेत?"

"हाव."

ते रोज मान हलवून पुढं जायचे. पुढं पुढं तेही अर्धा-अर्धा तास थांबून बघायला लागले आणि "निळा कमी पडायला बघा" असं पोरांना बजावायला लागले. मी त्यांना म्हटलं, अप्पा, आता तुमचंही मानधन सुरू करायला पाहिजे.

ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कागदावरचं चित्र भिंतीवर मोठं करायचं तर आधी दोन्हीकडे सारखे चौकोन आखायचे. भिंतीवर आखायला गेरूत बुडवलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची आणि मधे ओढून सोडायची. तांबडी सरळ रेघ उठते. मग कागदावरच्या एकेका चौकोनात जे आहे ते भिंतीवरच्या त्याच चौकोनात काढत जायचं. रंग वरून खाली आणायचा, नाहीतर वरचे ओघळ खालचं केलेलं खराब करतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर थोड्या वेळानं खाली उतरून रस्त्याच्या पलीकडे जायचं आणि तिथून बघायचं. जवळून सुंदर दिसणारा डोळा लांबून तिरळा निघतो. पोरांना या उतरण्याचा भारी कंटाळा येतो. माझा निम्मा पगार "उतर खाली" म्हणण्याचा आहे.

आता देवणीची गोष्ट सांगते. तिथली भिंत बसवराजशेट नावाच्या पेंड-सरकीच्या व्यापाऱ्याच्या गोदामाची होती, जनावरांच्या बाजाराच्या अगदी समोर. शेटजी कपाळाला विभूती लावून गल्ल्यावर बसायचे. भिंत त्यांनी आनंदानं दिली, वर पोरांना रोज चहा चालू केला. गटात पाच-सहा पोरंपोरी होती आणि त्यांत एक सुमय्या होती. बी.ए. झालेली, अंगानं काडी, बोलणं कमी. तिच्या हातात रेघ होती. हे मी सहजासहजी म्हणत नाही. शिकवून चौकोन येतात, रंग मिसळणं येतं. पण जनावर उभं आहे की नुसतं रंगवलेलं आहे, हा फरक शिकवून येत नाही.

देवणीनंतरची भिंत हिमायतनगरला ठरली होती. हिमायतनगर म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या पार तिकडच्या टोकाला. त्या भिंतीसाठी मला पगारी मदतनीस घ्यायची मुभा होती, आणि मला सुमय्याच पाहिजे होती. तिला विचारलं तर तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. वडिलांचं बाजारपेठेत दुकान होतं. अब्बा म्हणाले होते, गावातली ही भिंत कर. काही बोभाटा न होता नीट पार पडली तर पुढचं बघू. बाजारात घराचं नाव निघालं तर ब्रश ठेवून द्यायचा आणि घरी बसायचं. त्यामुळे ही भिंत तिच्यासाठी नुसती भिंत नव्हती आणि ते मलाही पक्कं माहीत होतं.

देवणी म्हटलं की जनावर आलंच. गटानं ठरवलं की भिंतीवर एकच मोठा देवणी बैल काढायचा. "बैल न्हाई मॅडम, वळू," बालाजीनं मला सुधारलं. बालाजी गटातलाच पोरगा. त्याच्या वडिलांचा, माणिकरावांचा, शंभू नावाचा वळू पंचक्रोशीत नावाजलेला होता. मग सुमय्यानं त्यांच्याच गोठ्यात बसून शंभूची चित्रं काढली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले, याला तिकडं शेवेरा म्हणतात. तिनं एकूण एक ठिपका जागच्या जागी उतरवला आणि भिंतीवर चढवला. पलीकडे जाऊन मी बघितलं तेव्हा वाटलं, आता हा शेपूट हलवणार. चाळीस वर्षं मी ब्रश धरलाय, मला असा वळू कधी जमला नाही. मनातल्या मनात थोडी जळलेसुद्धा.

आठवडी बाजाराच्या दिवशी घोटाळा झाला. आपण गल्लीतल्या माणसाला चालीवरून ओळखतो, तसं देवणीत लोक जनावराला ठिपक्यांवरून ओळखतात. पहिलाच म्हातारा थांबला आणि ओरडला, "आरं, ह्यो तर माणिकरावचा शंभू!" पोरं खूश झाली. मीही खूश झाले. तासाभरात गोविंदराव आले. यांचा वळू बादल. माणिकराव आणि गोविंदराव यांच्यात बरीच वर्षं बोलणं नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

"जनावरांच्या परदर्शनात पहिला कोण आला? बादल. मग बाजाराच्या तोंडावर शंभू कसा काय?" गोविंदरावांनी विचारलं.

"आमी नुसता वळू काढलाव," बालाजी म्हणाला.

"तू गप. तुज्या बापानंच काढून घेतलाय ह्यो."

झालं. दुपारपर्यंत बाजारात दोन तट पडले. माणिकरावांनी पैसे चारून आपला वळू काढून घेतला, अशी आवई उठली. मग कुणीतरी विचारलं, काढला कुणी? आणि सुमय्याचं, तिच्या अब्बांचं, दुकानाचं नाव बाजारभर झालं.

संध्याकाळी शेटजी माझ्याकडे आले. माणूस वाईट नव्हता, हात जोडूनच बोलला. "मॅडम, मी दोघांलाबी पेंड विकतो. एकाला दुखवून कसं जमंल? पुढल्या बाजाराच्या आत ठिपके बदला, न्हाईतर मला चुना मारावा लागंल." संस्थेतल्या साहेबांना फोन केला तर ते हसून म्हणाले, "मॅडम, दोन-चार ठिपक्यांचा तर प्रश्न आहे. अट वगैरे सोडा, तुम्हीच हलवून टाका ना." मला ते पटलं. पोरीचं हिमायतनगर वाचत होतं, चित्र वाचत होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

मी सुमय्याला सांगितलं. ती नाही म्हणाली.

"ठिपका हलवला तर ते कुणाचंच जनावर राहत न्हाई मॅडम. गावात असला वळूच न्हाई. खोटा वळू कसा काढू?"

"अगं, चित्र आहे ते! पंचनामा आहे का?" माझा आवाज चढला. "चुना मारला तर तुझं काय राहील? घरी बसायचंय का?"

"तुम्हीच म्हणलात ना, बघितलं तेच काढ."

मी चिडून चपला घातल्या आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसले. आपलंच शिकवणं आपल्या अंगावर आलं की राग कुणावर काढायचा तेही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सुमय्यानं सांगितलं, अब्बांनी पुढच्या बाजारापर्यंत मुदत दिलीय. त्या दिवशी ते दुकान बंद करून येणार आणि तिला घेऊन जाणार. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि मलाही तिच्याकडे बघवेना.

मग तिनंच एक गोष्ट मागितली. तिला बादलला बघायचं होतं. मला वाटलं, आता बाजूला बादल काढून तोडगा काढतेय, वाईट नाही. आम्ही गोविंदरावांच्या शेतावर गेलो. त्यांनी या म्हटलं नाही, पण हाकलूनही दिलं नाही. त्यांच्या कारभारणीनं, रुक्मिणबाईंनी, आम्हाला घोंगडी टाकून दिली. सुमय्या बादलसमोर बसून काढत राहिली. मधेच थांबली, शंभूचा जुना कागद काढून शेजारी ठेवला आणि मला म्हणाली, "मॅडम, कपाळ बघा. कानाचं टोक बघा. हे दोघं भाऊ हायत."

मला काही दिसेना. पण गोविंदराव वळले आणि उगाचच कडबा सारखा करायला लागले. रुक्मिणबाई हसल्या.

"भाऊच की. एका गाईच्या पोटचे. चंद्री म्हणायचे तिला. आदी माणिकरावभाऊंच्या दावणीला होती, शंभू तितंच झाला. मग आमी इकत घेतली आन् बादल इतं झाला. परदर्शनात धाकटा थोरल्याच्या म्होरं गेला, मग ह्या दोघांचं बोलणंच सुटलं बगा."

"अन् चंद्री?"

"गेली की. त्या बांधापशी पुरली. माणिकरावभाऊ आले होते त्या दिवशी. पल्याड बांधावर हुबे राहिले, आन् गेले तसेच. आमच्या ह्यांनीबी बोलावलं न्हाई त्यांला."

गोविंदराव कडब्यातून म्हणाले, "तू जास्त बोलायलीस." पण त्या म्हणण्यात जोर नव्हता.

परतताना सुमय्या बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "मॅडम, पांढरा रंग कितीक उरलाय?"

तिच्या मनात काय आहे ते कळायला मला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले. शंभू पुसून तिथं चंद्री काढायची. मी म्हटलं, बाजूला काढ, खाली काढ, पण तो वळू ठेव. तसला पुन्हा जमायचा नाही. ती म्हणाली, "तो तिथं राहिला तर भांडण राहतंय. ठिपके हलवणं खोटं हाय मॅडम, पुसणं खोटं न्हाई." मी पुष्कळ समजावलं. शेवटी भिंत तिची होती आणि मी नुसती उभं राहणारी होते.

बाजाराच्या दिवशी सकाळी ती शिडीवर चढली आणि रोलर घेऊन शंभूच्या पाठीवरून पांढरा पट्टा ओढला. बाजार भरत होता. लोक थांबले. माणिकराव धावत आले, "आगं पोरी, थांब की! ठेव की तेला!" आणि माझा कानांवर विश्वास बसेना, गोविंदरावही गर्दीतून बोलले, "अस्सल जमला होता, ते काय खोटं न्हाई." मला वाटलं, मेल्यांनो, हे आठ दिवस आधी सांगायला काय झालं होतं! पण तोवर शंभूचं डोकं गेलं होतं. खरं सांगते, मी पाठ फिरवली. तो वळू गेल्याचं दुःख मला आजही आहे आणि ते कुणी कमी करायला येऊ नये.

भिंत पांढरी झाली, वाळली. मग सुमय्या खाली उतरली, पुसलेल्या भिंतीसमोर उभी राहिली आणि भर बाजारात, सगळ्या पुरुषांसमोर, त्या दोघांना विचारलं, "काका, चंद्री कशी होती? मी बघितली न्हाई. तुम्ही सांगा, मी काढते."

मग माणिकराव म्हणाले, "डावं शिंग खाली वळलेलं."

"उजवं," गोविंदराव म्हणाले.

"माज्या दावणीला होती ती. डावं."

"मेली माज्या दावणीला. उजवं."

पुन्हा तट पडायला लागले. शेटजींनी कपाळाला हात लावला. सुमय्यानं विचारलं, "धार कोण काढायचं तिची?"

दोघांनीही आपापल्या कारभारणीचं नाव घेतलं. बालाजी पळत जाऊन आपल्या आईला घेऊन आला. रुक्मिणबाईंना कुणीतरी मोटारसायकलवर आणलं. जनावरांच्या बाजारात बायका सहसा येत नाहीत. त्या दोघी पदर सावरत गर्दीतून पुढं आल्या. सुमय्यानं दोघींना लांब लांब उभं केलं आणि एकेकीला वेगळं विचारलं. दोघींनी डावं सांगितलं. गोविंदरावांनी मान खाली घातली. बालाजीची आई म्हणाली, "आन् आचळापशी एक काळा टिपका हाय, रुपयायवढा." रुक्मिणबाई लगेच म्हणाल्या, "हाय ना! उजवीकडल्या म्हागच्या." आणि त्या दोघी, नवऱ्यांच्या भांडणापायी इतकी वर्षं एकमेकींच्या उंबऱ्याला न गेलेल्या, एकमेकींचा हात धरून रडायला लागल्या. पुरुषांना तो ठिपका ठाऊकच नव्हता.

त्यानंतर सगळा बाजार सांगायला लागला. पाठ अशी, शेपूट तशी, वशिंड बारकं, चालताना मान खाली. सुमय्या खडूनं काढायची आणि पुसायची. "आता?" ती विचारायची, आणि माणिकराव पलीकडून ओरडायचे, "पोट जरा वर घे." गोविंदराव म्हणायचे, "बरूबर सांगायले ते." 'तो' नाही, 'ते' म्हणाले, हे मी नीट ऐकलं.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की रस्त्याच्या पलीकडे एक दाढीवाले गृहस्थ बराच वेळ उभे आहेत. सुमय्यासारखेच काडी. तिचे अब्बा. त्यांचं दुकान पत्र्याच्या पेट्यांचं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. कुणीतरी तेव्हाच सांगितलं. देवणीतल्या कितीतरी नवऱ्या मुली त्यांच्या हातची, फुलं काढलेली पेटी घेऊन सासरी गेल्या आहेत. ते लेकीला घेऊन जायला आले होते आणि बाजारात त्यांच्या घराचं नाव नको तितकं झालं होतं. मी जवळ गेले.

"सलाम आलेकुम, भाई."

"वालेकुम." ते भिंतीकडेच बघत होते. "उत्ते सारे मर्दां उसकू सुन रहें."

"हो. ऐकायलेत."

"आप कायकू नै काढते?"

"भिंत तिची आहे. मी हात लावायचा नसतो."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "आपके घरवाले जाने देते आपकू? गाव-गाव?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. "पहिल्यांदा न्हाई म्हणाले. सासूबाई तर वर्षभर माझ्याशी बोलल्या न्हाईत. मी जात राहिले."

त्यांनी पुन्हा भिंतीकडे नजर वळवली. समोर सुमय्या शिडीवर चढून चंद्रीचं डावं शिंग खाली वळवत होती आणि खाली शेटजी स्वतः शिडी धरून उभे होते. मला वाटलं, आता अब्बा तिला हाक मारतील. मनातल्या मनात मला हिमायतनगरच्या भिंतीसमोर मी आणि तिथली पोरं एवढीच दिसायला लागली, सुमय्याशिवाय. डोळे भरून आले, ते पुसले.

अब्बा रस्ता ओलांडून गेले. रंगाच्या डब्यांजवळ बसले. सुमय्यानं वरून बघितलं आणि तिचा हात थांबला. त्यांनी तिला हाक मारली नाही. डब्यातून एकेक ब्रश बाहेर काढून बघितला. त्यांतला सगळ्यात लांब निवडला, जमिनीवर आडवा ठेवला आणि वितीनं मोजायला लागले. एक वीत, मग दुसरी, मग वर चार बोटं.

"मॅडम," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हिमायतनगरकू इसकेसे बडा बी लगता क्या? पेटी उस नाप की बनाना पडता."